हसवणाऱ्याची विचारपूस

राज कपूरचा ‘मेरा नाम जोकर’ १९७० सालच्या डिसेंबरात आला तेव्हा लोकांनी त्याला नाकारलं. चार तासांहून अधिक लांबी, दोन मध्यंतरं आणि इतकं बसून हाती काय लागायचं, तर एका विदूषकाची हुरहूर! राज कपूर कर्जात बुडाला आणि १९७३ साली ‘बॉबी’ने त्याला वर काढलं, हा इतिहास आपल्या पिढीला पाठ आहे. पण या पडलेल्या सिनेमाने एक काम कायमचं करून ठेवलं. विदूषक म्हणजे कोण, तर जो आतून रडतो आणि बाहेरून हसवतो तो, ही व्याख्या त्याने आपल्या मनात अशी काही रुजवली की आज पन्नासाहून अधिक वर्षांनंतरही जोकर म्हटलं की आपल्याला तोच चेहरा दिसतो.

सिनेमातला तो प्रसंग आठवा. राजूची आई सर्कशीत येते, मुलगा झुल्यावर लटकलेला पाहून तिचा जीव जातो, आणि राजू डोळे पुसून रिंगणात लोकांना हसवायला उतरतो. प्रसंग उत्तम चित्रित झाला आहे, यात वाद नाही. पण थोडं थांबून विचारलं पाहिजे, की आपण त्या वेळी टाळ्या कशाला वाजवतो? राजूच्या विनोदाला नाही. त्याने दुःख गिळलं म्हणून वाजवतो. त्याची आई गेली आहे हे प्रेक्षागृहातल्या आपल्याला ठाऊक असतं, सर्कशीतल्या प्रेक्षकांना नसतं, आणि त्या जास्तीच्या माहितीचा आपण आस्वाद घेत असतो. ‘शो मस्ट गो ऑन’ हे नाटकवाल्यांचं ब्रीद आपण इतक्या वेळा ऐकलं आहे, की तो शो त्या दिवशी रद्द झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं, हा साधा प्रश्नही आपल्याला सुचत नाही.

योगायोग असा, की याच सिनेमाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या वेषातले विदूषक राजूच्या भल्यामोठ्या हृदयावर शस्त्रक्रिया करायला निघतात. पडद्यावरची ती चेष्टा सोळा वर्षांनी एका वेगळ्या रूपात खरी झाली. १९८६ साली न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कसचे एक संस्थापक मायकेल क्रिस्टेनसन, ज्यांचा भाऊ कर्करोगाने गेला होता, यांनी पांढरा कोट घालून, ‘डॉ. स्टब्ज’ असं नाव घेऊन मुलांच्या रुग्णालयात नियमित जायला सुरुवात केली. त्याच वर्षी कॅनडात विनिपेग इथे कॅरन रिड यांनीही मुलांच्या वॉर्डात विदूषकाचं काम सुरू केलं. पुढे १९९१ साली पॅरिसमध्ये ‘ल रीर मेदसँ’, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये साओ पावलो इथे ‘दोतोरेस दा आलेग्रिया’, १९९३ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘थिओडोरा फाउंडेशन’, १९९४ साली व्हिएन्नात ‘रोटे नाझन’ म्हणजे ‘लाल नाकं’, अशा संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे दिल्लीत शीतल अगरवाल यांनी २०१६ साली ‘क्लाउनसेलर्स’ हा स्वयंसेवकांचा गट सुरू केला, चेन्नईत ‘द लिटल थिएटर’ने हे काम केलं आणि ऑरोव्हिल परिसरात ‘मेडिक्लाउन’चं प्रशिक्षण दिलं जातं. (हे काम म्हणजे हास्यक्लब नव्हे. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेल्या हास्यक्लबात माणूस स्वतःसाठी हसतो. इथे एक माणूस दुसऱ्यासाठी, बहुधा एका घाबरलेल्या मुलासाठी, कामाला लागलेला असतो.)

या लेखात मला त्या मुलाविषयी नाही, त्या माणसाविषयी लिहायचं आहे. कारण सिनेमा-नाटकांनी त्याच्यावर खूप प्रेम केलं, पण त्याची विचारपूस फारशी केली नाही.

दवाखान्यातल्या विदूषकाचा दिवस कसा जातो हे आधी पाहू, म्हणजे सिनेमात काय सुटलं ते कळेल. चांगल्या संस्थांत तो पगारी, शिकलेला कलाकार असतो आणि बहुतेक ठिकाणी जोडीने काम करतो. वॉर्डात शिरण्याआधी तो साध्या कपड्यात नर्सकडे जातो. कुठल्या खाटेवर कोण आहे, वय काय, आज कुणाची शस्त्रक्रिया आहे, कुणाला जंतुसंसर्गाची भीती म्हणून जवळ जायचं नाही, कुणाच्या घरच्यांना काल वाईट बातमी मिळाली, हे सगळं समजून घेतो. मग कपडे बदलतो, हात धुतो, नाक लावतो. हे लाल नाक म्हणजे जगातला सगळ्यात लहान मुखवटा, असं या लोकांत म्हटलं जातं. मग खोलीच्या दाराशी जाऊन तो थांबतो. आत येऊ का, असं विचारतो. शब्दांनी नाही तर नजरेने, पण विचारतो. मूल ‘नको’ म्हणालं तर तो जातो.

या ‘नको’चं महत्त्व मला फार वाटतं. रुग्णालयातल्या मुलाला कुणीच काही विचारत नाही. सुई टोचायची तेव्हा टोचतात, उठवायचं तेव्हा उठवतात, उपाशी ठेवायचं तेव्हा ठेवतात. दिवसभरात ज्याला हाकलता येईल असा एकच मोठा माणूस त्याच्याकडे येतो, तो हा विदूषक. त्याला हाकलण्यातही एक गंमत असते, आणि चांगला विदूषक हाकलला जाण्याचाही खेळ करतो. दाराला डोकं आपटतो, चुकीच्या दिशेने जातो, पुन्हा हाकलला जातो. शेफील्ड विद्यापीठाच्या लोकांनी २००८ साली ४ ते १६ वयाच्या अडीचशेहून अधिक मुलांना रुग्णालयाच्या सजावटीबद्दल विचारलं, तेव्हा भिंतींवरची विदूषकांची चित्रं मुलांना आवडत नाहीत असं दिसलं. ही बातमी वर्तमानपत्रांनी ‘मुलं विदूषकाला घाबरतात’ अशी रंगवली. पण भिंतीवरचं चित्र दाराशी थांबून परवानगी मागत नाही, हा फरक कुणी सांगितला नाही.

आता ‘पॅच ॲडम्स’कडे येऊ. १९९८ सालचा, टॉम शॅडियाकने दिग्दर्शित केलेला आणि रॉबिन विल्यम्सने गाजवलेला हा सिनेमा आखातातल्या किती मराठी घरांत पाहिला गेला असेल याची गणती नाही; एके काळी प्रत्येकाच्या डीव्हीडीच्या चवडीत तो असायचाच. वैद्यकीचा विद्यार्थी मुलांच्या कर्करोग वॉर्डात घुसतो, एनिमाचा लाल रबरी फुगा नाकावर चढवतो आणि सगळी मुलं खदखदून हसतात. मन भरून येतं. पण दाराशी थांबणं इथे नाही. परवानगी नाही. एकही मूल ‘नको’ म्हणत नाही. सिनेमातल्या पॅचला फक्त एक शत्रू आहे, तो म्हणजे खडूस डीन. वॉर्डातला थकवा, पुन्हा पुन्हा त्याच खाटेवर नवं मूल पाहणं, यातलं काही त्याच्या वाट्याला येत नाही.

त्याच्या वाट्याला दुःख येतं ते वेगळंच. त्याची मैत्रीण कॅरिन हिचा एक मनोरुग्ण खून करतो, पॅच कोलमडतो, कड्यावर जाऊन उभा राहतो, आणि एक फुलपाखरू त्याला परत आणतं. खरे पॅच ॲडम्स यांचा मित्र अशाच प्रकारे मारला गेला होता. तो पुरुष होता. सिनेमाने त्याची नायिका केली. आपल्या कामाचं, फुकट आणि माणुसकीच्या वैद्यकीसाठी त्यांनी चालवलेल्या लढ्याचं या सिनेमाने ‘विनोदी डॉक्टर’ एवढंच करून टाकलं, अशी खुद्द त्यांचीच तक्रार आहे. ती मला रास्त वाटते. सिनेमाला एक मोठा, नाट्यमय आघात हवा असतो. रुग्णालयातल्या विदूषकाला सोसावे लागतात ते छोटे आघात असतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. मंगळवारी ज्याने त्याला तीन वेळा हाकललं ते पोर गुरुवारी खाटेवर नसतं. घरी गेलं की आणखी कुठे, हे विचारायचीही कधी कधी सोय नसते, कारण तो घरातला नाही, डॉक्टर नाही, नर्सही नाही.

रॉबिन विल्यम्सचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याने आत्महत्या केली आणि जगभर एकच मथळा फिरला, ‘हसवणारा आतून रडत होता’. म्हणजे पुन्हा राजूच! पण शवविच्छेदनात निघालं ते वेगळंच. त्याला लेवी बॉडी डिमेन्शिया हा मेंदूचा गंभीर आजार होता आणि जिवंतपणी त्याचं निदानच झालेलं नव्हतं. त्याच्या पत्नीने, सुझन श्नायडर विल्यम्स यांनी, २०१६ साली ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या शेवटच्या महिन्यांबद्दल लिहिलं आहे. एका आजारी माणसाच्या मृत्यूचं कारण आपण त्याच्या व्यवसायात शोधलं, कारण ‘दुःखी विदूषक’ ही कथा आपल्याकडे तयार होती. तयार कथेचा हाच तोटा असतो. ती आली की विचारपूस संपते.

‘पॅच ॲडम्स’चा विषय निघाला की ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ निघतोच. २००३ च्या डिसेंबरात आलेला, आपल्या नागपूरच्या राजकुमार हिरानींचा हा सिनेमा त्याच जातकुळीचा म्हणून अनेकांनी नाक मुरडलं. माझ्या मते तो या एका बाबतीत मूळ अमेरिकन सिनेमाच्या पुढे गेला आहे. मुन्ना हा लाल नाक न लावलेला विदूषकच. तो झहीर नावाच्या तरुण कर्करोगाच्या रुग्णाला हसवायचा, जगवायचा प्रयत्न करतो आणि झहीर त्याच्याच हातात जातो. त्यानंतर मुन्ना दुसऱ्या दिवशी हसत वॉर्डात येत नाही. तो मोडतो. हसवून हसवून मरण हटत नाही हे त्याला कळतं आणि सिनेमा ते लपवत नाही. राजू आईच्या प्रेतावरून रिंगणात गेला. मुन्नाला हिरानींनी थांबू दिलं. दुसरा प्रसंग त्याहून लहान आहे. रुग्णालयात फरशी पुसणारा म्हातारा मकसूदभाई; त्याने पुसलेल्या फरशीवरून सगळे चिखलाचे पाय घेऊन जातात आणि तो करवादतो. मुन्ना त्याला मिठी मारतो, तुझे कुणी आभार मानत नाही ना, अशा अर्थाचं बोलतो, आणि म्हातारा विरघळतो. अख्ख्या सिनेमात रुग्ण नसलेल्या, नुसत्या राबणाऱ्या माणसाची चौकशी होते ती इथेच.

तसं पाहिलं तर हृषिकेश मुखर्जींच्या ‘आनंद’मध्ये, १९७१ साली, हा विषय आपल्याकडे येऊन गेला आहे. तिथे रुग्णच विदूषक आहे आणि खचत जातो तो डॉक्टर भास्कर. पण मला आठवतो तो जॉनी वॉकरचा ईसाभाई, नाटक कंपनीचा मालक. आजारी आनंदसमोर तो नाटकातलंच बोलतो, त्याला हसवतो, आणि बाहेर आल्यावर त्याला रडू आवरत नाही. आयुष्यभर विनोदी कामं केलेल्या नटाला मुखर्जींनी तो एक क्षण दिला. पण इथेही ईसाभाई रडतो तो एकटाच, दाराबाहेर. त्याच्या पाठीवर हात ठेवायला सोबत जोडीदार नाही.

आपल्या परंपरेत मात्र एक वेगळा विदूषक होता, त्याला आपण विसरलो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय. देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलं, त्यामुळे तो आपला घरचाच. चारुदत्त दरिद्री झाला आहे, मित्र पांगले आहेत, मैत्रेय राहिला आहे. पहिल्याच अंकात चारुदत्त त्याला संध्याकाळी चौकात जाऊन देवतांना बळी ठेवून ये म्हणतो, आणि हा चक्क नाही म्हणतो. रस्त्यावर या वेळी नाही नाही ते लोक असतात, मला भीती वाटते, असं सांगतो. पूर्वीच्या मेजवान्या आठवून कुरकुरतो. पुढे न्यायालयात शकाराशी भांडताना त्याच्याच काखेतून दागिने खाली पडतात आणि त्याच्या मित्राला वधस्तंभाकडे नेणारा पुरावा तोच पुरवतो. असा हा भित्रा, खादाड, वेंधळा माणूस शेवटी मित्राबरोबर मरायला निघतो. आपण त्याला हसतो, पण त्याची भूक, भीती, थकवा कुठेही लपवलेला नाही. ‘मी जाणार नाही’ म्हणण्याचा हक्क त्याला शूद्रकाने दिला, आणि त्यामुळे त्याची निष्ठा कमी झाली नाही, उलट ती खरी वाटते. कित्येक शतकांपूर्वीच्या नाटककाराला जे जमलं ते आर.के. बॅनरला का जमू नये?

मधल्या काळात आपण काय केलं, तर विठाबाईंची गोष्ट सांगत राहिलो. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) पूर्ण दिवसांच्या असताना फडावर नाचत होत्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. ही हकीकत ऐकून प्रत्येक मराठी माणसाची छाती फुगते. तमाशासम्राज्ञी! पण त्याच विठाबाईंचं म्हातारपण पैशाच्या विवंचनेत गेलं आणि शेवटच्या आजारपणात रुग्णालयाच्या बिलासाठी लोकांच्या मदतीकडे पाहावं लागलं, हा भाग आपण हळू आवाजात सांगतो. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन पुरस्कार देतं, ते उत्तमच आहे. पण त्या रात्री ‘बाई, आज राहू द्या’ असं म्हणणारं फडावर कुणीच नव्हतं का, हे मला राजूच्या आईच्या प्रसंगाइतकंच टोचतं.

या सगळ्याचं टोक म्हणजे २०१९ सालचा टॉड फिलिप्सचा ‘जोकर’. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला, वाकीन फिनिक्सला ऑस्कर मिळालं. त्यातला आर्थर फ्लेक हा भाड्याने मिळणारा विदूषक मुलांच्या रुग्णालयात नाचता नाचता खिशातलं पिस्तूल खाली पाडतो आणि नोकरी गमावतो. अभिनय थक्क करणारा आहे, पण सिनेमा मला आवडला नाही. ज्या विदूषकाची कुणी विचारपूस केली नाही तो खुनी होतो, एवढंच हा सिनेमा सांगतो. म्हणजे राजूच्या अश्रूंच्या जागी रक्त आलं. एकाने रडावं, दुसऱ्याने मारावं, आणि दोन्ही वेळा आपण काळोखात बसून बघावं! तिसरी शक्यता, म्हणजे तो माणूस काम संपवून कपडे बदलेल, सहकाऱ्याशी अर्धा तास बोलेल आणि घरी जाऊन वरणभात खाईल, ही कुणाला पडद्यायोग्य वाटत नाही.

प्रत्यक्षात मात्र चांगल्या संस्था नेमकं तेच करतात. वॉर्डातून बाहेर आल्यावर जोडीदार बसून बोलतात. कुठे जमलं, कुठे फसलं, कुठल्या खोलीत पाय जड झाला. वेळोवेळी सराव आणि प्रशिक्षण होतं, काही ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाबरोबर बैठका होतात. आमच्या संगणकाच्या धंद्यात रात्री सर्व्हर पडला तर सकाळी सगळ्यांना बसवून काय झालं याची चर्चा करतात, त्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. एका यंत्रासाठी आपण हे करतो. मूल गेल्यावर विदूषकासाठी असं करणं ही चैन कशी म्हणता येईल?

संशोधकांचं लक्षही इकडे उशिराच गेलं. २००५ साली इटलीत फ्लॉरेन्सला ५ ते १२ वयाच्या ४० मुलांवर झालेला अभ्यास बराच गाजला. शस्त्रक्रियेआधी भूल देताना आईवडिलांबरोबर विदूषकही असेल तर मुलांची घालमेल कमी होते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासातली दुसरी नोंद कमी लोक सांगतात. विदूषकांमुळे मुलांचं भलं होतं हे तिथल्या कर्मचाऱ्यांना मान्य होतं, तरी कामात अडथळा येतो म्हणून हा कार्यक्रम पुढे चालू ठेवायला बहुतेकांचा विरोध होता. ज्या घरात पोरं तुमची वाट पाहतात आणि मोठ्यांना तुम्ही पायात आलेले वाटता, त्या घरात रोज जायचं! डिसेंबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २४ चाचण्यांचा, १,६१२ मुलांचा एकत्र आढावा छापला. त्यात वेदना, भीती, रडणं, थकवा, सगळं मोजलं होतं, अर्थात मुलांचं. विदूषकांच्या थकव्यावर त्यामानाने फार थोडं लिहिलं गेलं. कॅनडात विंडसर इथे ‘फूल्स फॉर हेल्थ’ चालवणारे बर्नी वॉरन आणि त्यांचे सहकारी यांनी, विदूषक काम करून करून आतून कसा रिता होतो, याचा विचार केला. वॉरन स्वतः नाक लावून वॉर्डात जाणारे असल्यामुळे हा प्रश्न त्यांना पडला असावा.

आणि मनाच्या गोष्टी बोलताना पोटाची विसरू नये. बिग ॲपल सर्कसने २०१६ साली दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा तीस वर्षं चाललेल्या रुग्णालयातल्या कामाचं काय, हा प्रश्न उभा राहिला. २०१७ साली ‘हेल्दी ह्यूमर’ या वेगळ्या संस्थेने ते उचललं. २०२० साली करोनात रुग्णालयांची दारं बंद झाली आणि जगभरचे विदूषक पडद्यावरून, व्हिडिओ कॉलवरून मुलांना भेटू लागले. दाराशी थांबून आत येऊ का विचारणाऱ्याला दारच राहिलं नाही. या सगळ्यात अश्रू गाळणारा राजू कुठेच नाही; आहे तो महिन्याच्या शेवटी हिशेब करणारा, नाक साबणाने धुऊन वाळत घालणारा माणूस.

आपल्या अमिरातीत काय दिसतं? इथे हसवणारे उदंड आहेत. १९९८ पासून दर उन्हाळ्यात दुबई समर सरप्रायझेस भरतं आणि त्याचा तो पिवळा, स्प्रिंगसारखा मोधेश मॉलमॉलमधून मुलांना मिठ्या मारतो. आपल्या सगळ्यांच्या मुलांचे त्याच्याबरोबर फोटो आहेत. त्या जाड पोशाखाच्या आत कोण आहे, किती वेळ उभा आहे, पाणी प्यायला केव्हा जातो, हे आपण कितीजण विचारतो? काठ्यांवर चालणारे, फुगे पिळून कुत्रा करून देणारे, हे सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या व्हिसावर, घरापासून लांब, आपल्यासारखेच. शुक्रवारी नाहीतर रविवारी आईला फोन लावून ‘सगळं मजेत’ म्हणणारे. (ते वाक्य म्हणताना आपणही नाक लावतोच की!) रुग्णालयांबद्दल म्हणाल, तर २०१६ साली दुबईत अल जलिला हे खास मुलांचं रुग्णालय सुरू झालं. माझ्या पाहण्यात इथल्या वॉर्डात मुलांना खरं हसवते ती केरळची नाहीतर मनिलाची नर्स. सलाइन लावता लावता ती हातमोज्याचा फुगा करते, त्यावर डोळे काढते आणि पुढच्या खाटेकडे पळते. तिच्या कामाच्या यादीत हा फुगा कुठेही लिहिलेला नसतो.

आपल्या मंडळींत अधूनमधून एक कल्पना निघते, की गणपतीत नाहीतर दिवाळीत टोप्या-नाकं घालून मुलांच्या वॉर्डात जाऊ, खाऊ वाटू, फोटो काढू. हेतू चांगला असतो. पण दुबईत स्वयंसेवेसाठी २०१८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याप्रमाणे परवानगी आणि नोंदणी लागते, आणि या बाबतीत मला तो जाच वाटत नाही. एक दिवस जाऊन आल्यावर त्या मुलांचं जे व्हायचं ते होईल, पण आपल्यातला जो कुणी त्या दिवशी एका खाटेशी अडकेल, रात्री ज्याला झोप येणार नाही, त्याच्याशी कोण बोलणार हे आधी ठरवलेलं असावं. तसं ठरत नसेल तर खाऊ रिसेप्शनवर देऊन यावा.

यंदाच्या सुट्टीत मुलांबरोबर काय पाहावं असं कुणी विचारलं, तर ‘पॅच ॲडम्स’ जरूर पाहा, फक्त वॉर्डाच्या प्रसंगात मुलांना विचारा, की याने दारावर टकटक केली का. ब्राझीलच्या मारा मोराओ यांचा ‘दोतोरेस दा आलेग्रिया’ हा २००५ सालचा माहितीपट कुठे मिळाला तर सोडू नका. भाषा पोर्तुगीज आहे, पण विदूषक आपल्या कामाबद्दल स्वतः बोलतात असं त्यात पाहायला मिळतं. ‘मेरा नाम जोकर’ मुलं बघणार नाहीत, त्यांच्याकडे चार तास नाहीत. आणि ‘मुन्नाभाई’ परत लावलात, तर मकसूदभाईचा प्रसंग येईपर्यंत चहा टाकायला उठू नका. दोनच मिनिटांचा आहे, चुकतो.